खाणीआधी पाणथळ: पैनगंगेच्या खोऱ्यातील ओल्या जागा ओळखायच्या कशा?

इस्लापूर हे किनवट तालुक्यातले बाजाराचे गाव. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे स्थानक आणि जवळचा सहस्रकुंड धबधबा, एवढीच त्याची बाहेरच्या माणसाला ओळख. पैनगंगा इथे काळ्या कातळावरून कोसळते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. श्रावणात इथे गर्दी होते. उन्हाळ्यात धार तुटते, पर्यटक फिरकत नाहीत, आणि नदी डोहा-डोहांत विभागून उरते. आसपासच्या गावांची गुरे, रानातले प्राणी आणि मासे हे सगळे त्या दिवसांत याच डोहांवर तग धरून असतात.

मराठवाडा म्हटले की टँकर आणि चारा छावण्या डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे इथल्या पाणथळ जागा हा विषयच अनेकांना अनोळखी वाटेल. पण किनवट–माहूरचा डोंगरपट्टा हा मराठवाड्यातला सर्वांत पावसाळी भाग आहे, आणि नेमका हाच पट्टा खनिजांचाही आहे. दख्खनचा बेसाल्ट इथे पातळ होत जातो आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडू लागतात. त्यांतल्या चुनखडक आणि शेल खडकांच्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी या नदीचेच नाव दिले आहे: पैनगंगा समूह. आदिलाबाद आणि मुकुटबन परिसरात सिमेंट उद्योग उभा राहिला तो अशाच चुनखडकाच्या भरवशावर. नदी पुढे वणीकडे जाते तिथे दगडी कोळशाच्या खाणी आहेत. शिवाय काळा दगड, मुरूम आणि रेती यांची मागणी प्रत्येक तालुक्यात आहेच.

हा लेख कोणत्या एका कंपनीच्या वा एका अर्जाच्या विरोधात नाही. प्रश्न त्याआधीचा आहे. अशा मुलखात खाणीचा प्रस्ताव आला, तर तिच्या परिसरातल्या पाणथळ जागा कोणत्या, त्या कशा ओळखायच्या, त्यांची वर्गवारी कशावरून करायची आणि ती कोणी करायची? आज हे काम ज्या पद्धतीने होते त्यात मराठवाड्यातली पाणथळ जागा कागदावर उतरतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जी जागा नोंदलीच नाही, तिच्या नुकसानीचा हिशेब मागणार कोण?

शिवारातली ओली जागा

आधी इस्लापूरच्या टापूत काय काय आहे ते पाहू. पहिला प्रकार नदीचा: बारमाही डोह, कातळात भोवऱ्यांनी कोरलेले रांजणखळगे, काठचे रेतीचे पट्टे आणि पुराचे पाणी पसरते ती गाळपेराची जमीन. दुसरा प्रकार माणसाने अडवलेल्या पाण्याचा. यात पाझर तलाव, लघुसिंचन तलाव, गावतळी आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागचा फुगवटा येतो. मराठवाड्यात नैसर्गिक सरोवरे नाहीत म्हटले तरी चालेल, म्हणून पाणपक्ष्यांचा मोठा आधार हे तलावच.

तिसरा प्रकार सहसा कोणी मोजत नाही, तो म्हणजे चिबड जमीन आणि झऱ्यांच्या काठची ओल. बेसाल्टच्या दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरते आणि डोंगराच्या पायथ्याशी एखादा पट्टा जानेवारीपर्यंत हिरवा राहतो. चौथा प्रकार दुर्मीळ: याच किनवट तालुक्यातले उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे कुंड. लोक त्याकडे तीर्थ म्हणून पाहतात. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत भूऔष्णिक पाणथळ असा त्याचा स्वतंत्र वर्ग आहे. पाचवा प्रकार जुन्या खदानींत साठलेल्या पाण्याचा.

कायद्याची चाळणी

इराणमधल्या रामसर शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराने पाणथळीची व्याख्या फार व्यापक केली. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा हंगामी, पाणी साचलेले असो वा वाहते, गोडे असो वा खारे, सगळे त्यात बसते. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. कराराच्या वर्गीकरणात ४२ प्रकार आहेत: १२ सागरी व किनारी, २० अंतर्गत आणि १० मानवनिर्मित. इस्लापूरच्या शिवारातल्या वरच्या पाचही प्रकारांना या यादीत जागा मिळते, अगदी खाणीच्या खड्ड्यांतल्या डबक्यांनाही.

आपला कायदा मात्र हात आखडता घेतो. केंद्राचे २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम व्याख्या रामसरसारखीच करतात, पण लगेच अपवाद सांगतात. नदीचे पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय, आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन वा सिंचन यांसाठी खास केलेली बांधकामे त्यांतून वगळली आहेत. ही चाळणी इस्लापूरला लावून पाहा. सहस्रकुंडाचे डोह नदीपात्रात, म्हणून बाहेर. लघुसिंचन तलाव सिंचनाचे, म्हणून बाहेर. पाझर तलावही सिंचनाच्याच खात्यात धरला जाण्याची दाट शक्यता. मग उरते काय? चिबड पट्टे आणि झरे, ज्यांची नोंद कोणाकडेच नसते.

या अपवादांमागे एक कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक सिंचन तलावाला पाणथळीचे निर्बंध लावले, तर गाळ काढणे, कालवा दुरुस्त करणे, पाणी सोडणे या साध्या कामांनाही परवानगी लागेल, ही शेतकऱ्याची आणि सिंचन खात्याची भीती खरी आहे. पण तलावाचा नेहमीचा वापर चालू ठेवणे वेगळे आणि तलावाशेजारी खाण खोदणे वेगळे. या दोन्हींना एकाच अपवादाची सवलत मिळता कामा नये. महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये जाहीर झालेले नांदूर मधमेश्वर हे गोदावरी–कादवा संगमावर सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाले. पैठणचा नाथसागर हे धरण आहे, तरी तो पक्षी अभयारण्य आहे. माणसाने बांधलेले पाणी निसर्ग आपलेसे करतो, याला यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही.

आकाशातून काय दिसते

देशातल्या पाणथळींची सर्वांत मोठी मोजणी इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा नोंदल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये या सर्व जागांना संरक्षणाची तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. पुढच्या नकाशासंग्रहात हा आकडा २,३१,१९५ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या जागांची प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन खातरजमा व हद्दनिश्चिती करायला राज्यांना सांगितले. हे सगळे मोलाचे काम आहे.

पण २.२५ हेक्टर ही मर्यादा आली कुठून? ती नकाशाच्या मापातून आली आहे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तीन मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद चौकोन म्हणजे जमिनीवर १५० मीटर बाय १५० मीटर. त्याहून लहान आकृती नकाशावर नीट रेखता येत नाही, म्हणून तिथे नुसता ठिपका दिला जातो. असे ५,५५,५५७ ठिपके पहिल्या मोजणीत होते. म्हणजे साडेपाच एकरांहून लहान पाणथळ ही ठिपका झाली, आणि न्यायालयाच्या आदेशातल्या आकड्यात हे ठिपके धरलेले नाहीत.

उपग्रहाच्या नजरेलाही मर्यादा होती. त्या मोजणीत वापरलेल्या चित्रातला एक पिक्सेल २३.५ मीटरचा. एक एकराचे गावतळे अशा जेमतेम सात पिक्सेलमध्ये मावते, आणि त्यांतले बहुतेक काठावरचे, अर्धे पाणी अर्धी जमीन असे. आता सेन्टिनेल उपग्रहांमुळे १० मीटरपर्यंतचे चित्र फुकट मिळते. ढगांतून आरपार पाहणारे रडारही उपलब्ध आहे, त्यामुळे भर पावसाळ्यातले पाणी टिपता येते. ज्यांना मोजायचे आहे, त्यांच्यापुढे आता साधनांची अडचण नाही.

दुसरीकडे जलशक्ती मंत्रालयाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशात २४,२४,५४० जलसाठे आढळले, त्यांतले ९७,०६२ महाराष्ट्रात. पाणथळींचा आकडा दोन लाखांच्या घरात आणि जलसाठ्यांचा चोवीस लाखांवर. दोन्ही मोजण्यांचे निकष वेगळे, हे खरे. तरीही कायद्याच्या आणि नकाशाच्या चाळणीतून किती पाणी निसटते, याचा अंदाज या तफावतीवरून येतो.

फावडे काय सांगते

खरी ओळख जमिनीवर पटते. अमेरिकेत १९७९ च्या कॉवर्डिन वर्गीकरणापासून आणि १९८७ च्या सैन्य अभियंता दलाच्या मार्गदर्शिकेपासून तीन कसोट्या रूढ झाल्या: पाण्यात वा ओलीत वाढणारी वनस्पती, पाण्याखाली राहून बदललेली माती आणि पाण्याच्या वावराच्या खुणा. या कसोट्या आपल्याकडेही लागू पडतात, पण आपल्या मातीच्या स्वभावाप्रमाणे त्या वापराव्या लागतात.

डिसेंबरमध्ये एखाद्या पाझर तलावाच्या शेपटीकडे, म्हणजे जिथून ओढा आत येतो त्या बाजूला जावे. पाणी पन्नास पावले मागे हटलेले असते. बाहेरच्या कडेला हरळी आणि बेशरम, थोडे आत लव्हाळा, त्यापुढे पाणकणीस आणि उथळ पाण्यात कुमुद, अशा पट्ट्या एकामागोमाग एक लागलेल्या दिसतात. चिखलावर शेकाट्या आणि तुतवार चोची खुपसत फिरतात. ही झाली पहिली कसोटी.

दुसरी कसोटी फावड्याची. लव्हाळ्याच्या पट्टीत हातभर खड्डा घेऊन ढेकूळ हाताने फोडावे. इतर प्रदेशांत पाणथळ माती करड्या रंगावरून आणि तांबड्या डागांवरून पटकन ओळखू येते. आपली काळी माती मुळातच इतकी गडद की ते डाग तिच्यात लपून जातात. म्हणून बारीक पाहावे लागते. मुळांच्या नळ्यांभोवती गंजासारखी बारीक रेघ आहे का? लोह-मँगनीजचे मोहरीएवढे काळे खडे बोटांना लागतात का? कुजक्या अंड्यासारखा वास येतो का? नुसत्या रंगावरून निर्णय घेणारा सर्वेक्षक काळ्या मातीतल्या पाणथळीला सहज कोरडवाहू ठरवून मोकळा होईल.

तिसरी कसोटी पाण्याच्या खुणांची: झुडपांना अडकलेला पुराचा काडीकचरा, दगडांवरची पाण्याची रेघ, वाळून पापुद्रे सुटलेला गाळ. आणि या कसोटीत सर्वांत भरवशाचा साक्षीदार गावात असतो. कोणत्या महिन्यात डोह तुटतो, गुरे कुठे पाण्यावर न्यायची, हे गुराख्याला माहीत असते. तलाव ठेक्याने घेणाऱ्या भोई समाजाच्या मच्छीमार संस्थेकडे बीज कधी सोडले आणि मासळी कधी काढली याचा हिशेब असतो. मरळ किंवा वाम कोणत्या डोहात उन्हाळा काढते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

इस्लापूरच्या बाबतीत जुन्या दफ्तराची पायरीही आवश्यक आहे. १९५६ पूर्वी हा भाग हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ तिकडून काढून मुंबई राज्यात घातले गेले. त्यामुळे इथल्या जुन्या तळ्यांची आणि नाल्यांची माहिती शोधायची तर निजामकाळातली उर्दू कागदपत्रेही चाळावी लागतील. आजचा सातबारा पाहून इथे कधी तळे नव्हते असे म्हणणे घाईचे ठरेल.

पाणी येते कुठून?

ओळख पटल्यावर वर्गवारी. क्षेत्रफळ आणि प्रकार यांची यादी करून थांबणे ही आपली सवय. खाणीचा प्रश्न असेल तेव्हा ती यादी फारशी उपयोगाची नाही. तिथे विचारायला हवे की या जागेत पाणी येते कुठून. मार्क ब्रिन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये मांडलेली जलभूरूपीय वर्गवारी हेच करते. भूरूप, पाण्याचा स्रोत आणि पाण्याची गती या तीन गोष्टींवर ती उभी आहे.

ती आपल्या शिवाराला लावली की चित्र स्वच्छ होते. जे तळे केवळ पावसाच्या आणि ओढ्याच्या पाण्यावर भरते, त्याला धोका पाणलोट तुटण्याचा. वरच्या अंगाला खाण किंवा मातीचा ढीग आला की ओढा वळतो आणि तळे उपाशी राहते. जे झऱ्यावर वा भूजलावर जगते, त्याला धोका उपशाचा. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप रात्रंदिवस चालतात आणि भोवतालचे भूजल खड्ड्याकडे ओढले जाते. नदीच्या डोहाला धोका गाळाचा आणि रेती उपशाचा.

इथे खडकाचा फरक निर्णायक ठरतो. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि सच्छिद्र थरांत असते. त्यामुळे उपशाचा परिणाम एका थरापुरता किंवा एका दिशेला मर्यादित राहू शकतो. चुनखडक पाण्यात विरघळतो. त्यात पोकळ्या आणि वाटा तयार झालेल्या असतील, तर पाणी दूरवर आणि वेगाने पळते. एका ठिकाणी उपसा केला की भलत्याच ठिकाणचा झरा बंद पडू शकतो. म्हणून चुनखडकाच्या खाणीभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ काढून आत काय आहे ते मोजणे अपुरे आहे. पाण्याची वाट जिथवर जाते तिथवर मोजले पाहिजे. उनकेश्वरसारख्या उष्ण झऱ्याची वाट तर खोल भेगांतून येते; अशा जागेजवळ कोणत्याही खोदकामाआधी त्या वाटेचा अभ्यास अनिवार्य असायला हवा.

हे धोके कल्पनेतले नाहीत. गोव्यात डिचोलीजवळच्या शिरगावात लोहखनिजाच्या खाणी खोल गेल्या, विहिरी आणि झरे आटले, आणि गावकऱ्यांना न्यायालयात जावे लागले. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे २०२१ च्या जुलै अखेरीस खाणीत साठलेल्या पाण्याने बांध फोडला आणि मातीचा लोंढा घरांत व बागायतीत शिरला. एकीकडे पाणी नाहीसे झाले, दुसरीकडे नको तेवढे आले. दोन्हीकडे खाणीने पाण्याची जुनी घडी मोडली होती.

अहवालातून गळालेला पावसाळा

खाणीला पर्यावरणीय मंजुरी मिळवताना २००६ च्या अधिसूचनेनुसार परिणाम अहवाल तयार होतो. त्यात खाणपट्टा हा गाभा आणि भोवतालचा १० किलोमीटरचा परीघ हे अभ्यासक्षेत्र. १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर, कागदावर भरपूर. पण खाणींसाठीच्या प्रमाणित कार्यकक्षेत पायाभूत माहिती एका हंगामाची मागितली जाते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. हवेची धूळ मोजायला ही अट योग्यच आहे. पण तीच अट वनस्पती, प्राणी आणि पाण्यालाही लागू होते.

मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो पाहा. वर्षाच्या पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरात पडतो. हंगामी पाणथळीचे सगळे आयुष्य, म्हणजे भरणे, बेडकांची वीण, माशांचे ओढ्याने वर चढणे, भूजलाचे पुनर्भरण, याच महिन्यांत घडते. सर्वेक्षण मार्च ते मे मध्ये झाले, तर तीच जागा भेगाळलेले काळे रान म्हणून नोंदली जाते. अहवाल लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिलेले नसते. त्याने चुकीच्या महिन्यात पाहिलेले असते. चारपाच महिनेच जिवंत असणाऱ्या जागेला तिच्या मेलेल्या महिन्यांवरून जोखणे हा अन्याय आहे आणि तो नियमातच बसलेला आहे. हा नियम बदलायला हवा. हंगामी पाणथळींच्या मुलखात निदान एक पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा पाहिल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये.

गावाच्या हातात काय आहे

किनवट तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या नियोजनाचा अधिकार पंचायतींकडे दिला आहे, आणि गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस अनिवार्य केली आहे. रेती, मुरूम, खडी यांना ही तरतूद लागू आहे. सिमेंटसाठीचा चुनखडक मात्र मुख्य खनिजात मोडतो, तिथे ही ढाल पुरत नाही. तिथे वनहक्क कायदा, जनसुनावणी आणि जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही ही साधने आहेत. २०१२ मध्ये दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी लागेल असे ठरवले. २०११ च्या जगपालसिंग निकालाने गावतळी आणि गायराने ही गावाची सामाईक मालमत्ता असल्याचे ठासून सांगितले. पाणथळ नियमांच्या चाळणीतून निसटलेल्या तळ्याला या निकालाचा आधार घेता येतो.

मात्र ही सर्व साधने पुराव्यावर चालतात. जनसुनावणीत उभे राहून ‘आमचे पाणी जाईल’ असे म्हणणाऱ्याला कोणते पाणी, किती महिने, कुठून येणारे, असे विचारले जाते. त्या क्षणी नोंदवही हातात असेल तर बोलण्याला वजन येते. म्हणून अर्जाची वाट न पाहता, आत्ताच गावोगावची पाणथळ नोंद सुरू व्हायला हवी. प्रत्येक जागेसाठी तिचे गावातले नाव, गट क्रमांक, पाणी येण्याची वाट, पाणी टिकण्याचे महिने, ओळखीच्या वनस्पती, पक्षी, मासे, आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसे, एवढे लिहिले तरी पुरे. जवळच्या विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेप्रमाणे वर्षातून चार वेळा घ्यावी. किनवट आणि नांदेडच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोलाचे विद्यार्थी यात सहज सामील होऊ शकतात. मोबाइलमधल्या तारखेसह आणि स्थानासह काढलेले ऑगस्टमधले छायाचित्र हा मेमधल्या अहवालाला उत्तर देणारा पक्का पुरावा असतो.

खाणी नकोतच, असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. घरे, रस्ते, धरणे सिमेंट आणि खडीनेच उभी राहतात, आणि या भागातल्या तरुणांना कामाची गरज आहे. प्रत्येक डबके वाचवता येणार नाही, हेही मान्य. पण कोणते वाचवायचे आणि कोणते सोडायचे हे आधी मोजून, उघडपणे, त्या पाण्यावर जगणाऱ्यांसमोर ठरले पाहिजे. आज ते न मोजताच ठरते आणि तोटा नेहमी एकाच बाजूच्या पदरात पडतो.

शासनाकडे मागण्या मोजक्याच आहेत. खाणपट्ट्याच्या परिघात २.२५ हेक्टरांहून लहान पाणथळींचीही गणना सक्तीची करावी. सिंचन तलाव आणि नदीच्या डोहांना दिलेला अपवाद खाणीच्या प्रस्तावापुरता रद्द करावा. पायाभूत अभ्यासात पावसाळा समाविष्ट करावा. वर्गवारी पाण्याच्या स्रोतावरून करावी. आणि ग्रामसभेने केलेली नोंद अहवालाचा अधिकृत भाग मानावी. यांतल्या एकाही गोष्टीला नवे तंत्र लागत नाही, फार पैसाही लागत नाही. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतले तर येत्या पावसाळ्यातच किनवट तालुक्यापासून हे काम सुरू करता येईल, आणि ते सुरू व्हावे.